आपली जमीन, खालच्यांचं छत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त रविवार सकाळच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'निवृत्त बँक अधिकारी' असं छापलंय आणि विषय दिलाय लाकडी फ्लोअरिंगचा. तेव्हा काहींना वाटलं असेल, यांचा आणि लादीचा काय संबंध? संबंध एवढाच, की गेली काही वर्षं आपल्या दुरुस्ती उपसमितीत मी काम करतोय. घरात तोडफोड, बदल करायचा म्हणजे समितीची लेखी परवानगी लागते, आणि ते अर्ज आधी माझ्या टेबलावर येतात. पूर्वी अर्ज असायचे ग्रिलचे, मग आले एसीचे. आता मात्र दर दोन-तीन अर्जांमागे एक अर्ज असतो, 'बेडरूममध्ये वुडन फ्लोअरिंग करावयाचे आहे, तरी परवानगी मिळावी.'

करायला काहीच हरकत नाही. दिसतं छान, थंडीत पायाला गार लागत नाही, काम दोन दिवसांत होतं. पण त्या अर्जात एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते. ती म्हणजे, त्या फ्लोअरिंगच्या खाली काय आहे? आजचा माझा विषय तो आहे.

लॅमिनेट म्हणजे काय

आपण ज्याला लाकडी फ्लोअरिंग म्हणतो ते बहुतेक वेळा लॅमिनेट असतं. लाकडाचा भुसा, तंतू दाबून केलेली घट्ट पट्टी. तिला एचडीएफ म्हणतात. वर लाकडाच्या चित्राचा कागद आणि त्यावर पारदर्शक कठीण थर. पट्टी साधारण चार फूट लांब, 8 किंवा 12 मिलिमीटर जाड. ती खाली चिकटवत नाहीत, खिळे मारत नाहीत. एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत अडकवायची, टक् असा आवाज येतो, झालं. सगळी जमीन एका चटईसारखी सुटी, दोन-तीन मिलिमीटरच्या फोमवर पसरलेली असते.

आता विचार करा. खाली खड्डा असेल तर त्या जागी पट्टीला आधार नाही. माणूस चालला की पट्टी दबणार, पाय उचलला की वर येणार. दिवसातून शंभर वेळा. तो सगळा ताण येतो त्या पातळशा खाचेवर. आधी करकर आवाज येतो. मग सांधा उघडतो. त्यात धूळ जाते, पुसायचं पाणी जातं आणि पट्टीच्या कडा फुगतात. एचडीएफ एकदा फुगलं की वाळल्यावरसुद्धा पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही. लोक म्हणतात, 'माल हलका निघाला.' अनेकदा माल चांगलाच असतो, जमीन तयार केलेली नसते.

सपाट वेगळं, पाणसळीत वेगळं

जुने गवंडी पाणसळ वापरायचे. जमीन पाणसळीत आहे म्हणजे कुठल्याच बाजूला उतार नाही. आणि सपाट आहे म्हणजे मधे खड्डा-उंचवटा नाही. या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि यांचा घोळ झाला की खर्च वाढतो.

लॅमिनेटला जमीन सपाट लागते. खिडकीकडे सगळी खोली सारखी अर्धा इंच उतरत असेल, तर लॅमिनेटचं काही बिघडत नाही. पण मधेच एक लादी चार मिलिमीटर वर असेल तर बिघडतं. सर्वसाधारण नियम असा, की 2 मीटर लांबीत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. काही कंपन्या याहून कडक अट घालतात. ती खोक्यातल्या कागदावर लिहिलेली असते, तो कागद फेकू नका.

हे मोजायला इंजिनिअर लागत नाही. सहा फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी घ्या, गवंड्याकडे असते तशी. ती जमिनीवर आडवी, उभी, तिरकी ठेवत जा. आणि खिशातून एक रुपयाची दोन नाणी काढा. हल्लीचं नाणं जवळपास दीड मिलिमीटर जाड असतं. दोन एकावर एक ठेवली की झाले साधारण तीन. पट्टीखालच्या फटीत दोन नाणी मिळून आरामात आत सरकली, तर तिथे काम करायला हवं. एकच जात असेल तर चालेल. जिथे खड्डा तिथे खडूने गोल करा, जिथे उंचवटा तिथे फुली. पट्टी मधोमध टेकून दोन्ही टोकांना डुलत असेल तर तो उंचवटा. एका खोलीला अर्धा तास लागतो. नातवंडं सुट्टीवर असतील तर हे काम त्यांना द्या, फार आवडीनं करतात.

जमीन वरखाली का झाली?

फार महत्त्वाचा भाग हा आहे. बँकेत कर्ज थकलं की आम्ही आधी विचारायचो, का थकलं? धंदा बुडाला, की पैसे दुसरीकडे वळवले, की नुसता हंगाम वाईट गेला? कारण कळल्याशिवाय जुनं कर्ज नव्या कर्जानं झाकलं, तर पुढच्या ऑडिटपर्यंत सगळं छान दिसतं, एवढंच. जमिनीचंही तसंच. खड्डा भरण्याआधी तो का पडला हे शोधायचं.

आपल्या इमारतीत मला चार कारणं दिसली आहेत.

पहिलं, मुळातच लाद्या बसवताना हात नीट लागला नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या आपल्या मोझॅकच्या लाद्यांत असे एक-दोन मिलिमीटरचे ओठ जागोजागी आहेत. यात धोका काही नाही.

दुसरं, लादीखालचा माल पोकळ झाला. लाकडी दांड्यानं हलकेच ठोकून बघा. भरीव लादी खणखणीत बोलते, पोकळ लादी बद्द आवाज करते. काही वेळा उन्हाळ्यात लाद्या आवाज करून तंबूसारख्या उठतात, कारण त्यांना पसरायला फट ठेवलेली नसते. अशा लाद्यांवर काहीही घालायचं नाही. त्या उचलाव्याच लागतात.

तिसरं, आत घेतलेली बाल्कनी. हे आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून जास्त बोलत नाही! बाल्कनीला पाणी जायला उतार दिलेला असतो आणि ती खोलीपेक्षा थोडी खालीही असते. खोली आणि बाल्कनी जिथे मिळतात तिथे जमिनीला कणा तयार होतो. एकच सलग लॅमिनेट त्या कण्यावरून नेलं की ते तिथेच मोडतं. एक तर बाल्कनीचा भाग भरून खोलीच्या पातळीला आणायचा, नाहीतर तिथे सांधपट्टी देऊन दोन भाग वेगळे करायचे.

आणि चौथं कारण म्हणजे पाणी. बाथरूमच्या भिंतीलगतच्या लाद्या बसल्या असतील, सांधे काळे पडले असतील, भिंतीला खालून पापुद्रे येत असतील, तर समजायचं, लादीखाली ओल आहे.

बी विंगमधली गोष्ट

त्या दोन्ही घरांची परवानगी घेऊन सांगतो. नावं घेत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये, बाथरूमच्या भिंतीला लागून लाद्यांच्या दोन ओळी अर्धा इंच खाली गेल्या होत्या. लॅमिनेट घालणारा ठेकेदार बाहेरचा होता. तो म्हणाला, 'तिथे फोमचे दोन-तीन थर देऊ, वरून कळणारसुद्धा नाही.' आणि खरंच कळलं नाही. घरच्यांनी हौसेनं पूजा केली, सगळ्यांना बोलावलं.

सहा-सात महिन्यांनी खालच्या मजल्यावर मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर छताचा गिलावा पडला. दुपारची वेळ, ती शाळेत होती. रात्री पडला असता तर काय, हा विचार तिच्या आईच्या मनातून आजही गेलेला नाही. वरचे म्हणाले, 'आमच्याकडे थेंबभर पाणी नाही, येऊन बघा.' आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडे वरून सगळं कोरडं ठणठणीत होतं. लॅमिनेटखाली प्लॅस्टिक घातलेलं होतं, त्यामुळे ओल वर यायला वाटच नव्हती. ती सगळी खाली उतरत होती.

दोन सभा झाल्या. आवाज चढले. ज्या दोन घरांचं वीस वर्षं दिवाळीला फराळाचं ताट जात-येत होतं, ते बंद झालं. शेवटी जमीन उचलली. पट्ट्या खालून काळ्या पडलेल्या, फोम भिजलेला, कुबट वास. भिंतीतल्या पाइपाचा एक सांधा गळत होता. प्लंबरचं काम एका दिवसाचं होतं. पण लॅमिनेट गेलं, खालच्यांचं छत उघडून गंजलेल्या सळ्या साफ कराव्या लागल्या आणि पुन्हा गिलावा, पुन्हा रंग. त्या बसलेल्या दोन ओळींनी आधीच सांगितलं होतं, लाद्यांचं म्हणणं ऐकून घेतलं असतं तर एवढं झालं नसतं.

ताट पुन्हा सुरू झालंय, हेही सांगतो.

म्हणून ओलीची परीक्षा आधी करा. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं जमिनीला घट्ट चिकटवा आणि पूर्ण एक दिवस तसंच राहू द्या. आतून थेंब धरले किंवा खालची लादी गडद दिसली तर ओल आहे. बाथरूमच्या भिंतीपाशी एक, बाहेरच्या भिंतीपाशी एक आणि मधे एक, असे तीन तुकडे लावा. तळमजल्यावाल्यांनी तर नक्कीच, कारण तिथे जमिनीतूनही ओल वर येते. बाथरूमचा संशय असेल तर नाहणी ट्रॅप बंद करून इंचभर रंगीत पाणी दिवसभर साठवून बघतात. मात्र ते करण्याआधी खालच्या घरी सांगून या.

दुरुस्ती कशी करायची

उंचवटे घासायचे, खड्डे भरायचे, एवढंच तंत्र आहे. पण क्रम पाळा. आधी पोकळ लाद्या उचला, खालचा भुसभुशीत माल काढा, सिमेंट-रेतीचा नवा माल भरा. तो पूर्ण वाळू द्या. वरून वाळलेला दिसतो, आत ओला असतो. एक इंच मालाला एक महिना धरावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं, जून-जुलैत काढू नये.

मग उंचवटे. मोझॅक असेल तर पॉलिशच्या मशीनचा जाड दगड मारून ओठ घालवता येतात. पाणी मारून घासलं तर नंतर वाळायला वेळ द्यावा लागेल. कोरडं घासायचं तर धूळ फार बारीक असते आणि ती फुप्फुसाला वाईट. घासणाऱ्या मुलाच्या तोंडावर चांगला मास्क आहे का, हे आपण बघायचं. तो आपल्या घरात काम करतोय. शेजारी कुणाला दमा असेल तर आदल्या दिवशी सांगावं, दार बंद ठेवून फटीला ओला टॉवेल लावावा.

उरलेले उथळ खड्डे आणि मोठा खोलगट भाग यांसाठी सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड मिळतं. पिशवीतली पूड मोजलेल्या पाण्यात कालवून ओतली की ती पसरून आपोआप सपाट होते. तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जमीन स्वच्छ हवी. मेण, तेल, रंगाचे डाग खरवडून प्रायमर मारायचा. चकचकीत व्हिट्रिफाइड लादी असेल तर तिला योग्य प्रायमर नसेल तर वरचा थर सालीसारखा सुटतो. दोन, पाणी पिशवीवर लिहिलं असेल तेवढंच. कामगार 'जरा पातळ करू, चांगलं पळेल' म्हणतात. पळतं खरं, पण वाळल्यावर पिठासारखं होतं. तीन, दरवाजे, पाइपांची भोकं आधी बंद करा. हे पाण्यासारखं वाहतं आणि कालवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होऊ लागतं. ट्रॅपमध्ये गेलं तर पुढची गोष्ट प्लंबरच्या बिलात वाचायला मिळेल.

काय वापरू नये, तेही सांगतो. पीओपी नको, ओल धरतं आणि चुरा होतं. सुटी रेती नको. पुठ्ठा, वर्तमानपत्र, प्लायचे तुकडे नकोत, ते वाळवीला आमंत्रण. आणि फोमचे थर वाढवणं तर नकोच. फोम लहानसहान खरखर झाकण्यासाठी असतो, तो खड्डा भरत नाही, नुसता दबतो.

वजनाचा हिशेब

आता माझ्या आवडीचा भाग, आकडे. काही ठेकेदार म्हणतात, 'एवढं कशाला, सगळ्या खोलीत दोन इंच माल टाकून एकदम लेव्हल करून देतो.' ऐकायला बरं वाटतं. हिशेब करू.

10 बाय 12 ची खोली, म्हणजे 120 चौरस फूट. दोन इंच माल म्हणजे 20 घनफूट. त्याचं वजन 1,100 ते 1,200 किलो. एक टनाच्या वर! निवासी खोलीच्या स्लॅबवर माणसं, कपाटं, पलंग सगळं मिळून दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार आपल्या भारतीय मानकात धरलेला आहे. आपल्या खोलीला तो सव्वादोन टन होतो. म्हणजे त्यातला निम्मा भार तुम्ही कायमचा वापरून टाकलात, तोही पंचवीस वर्षं जुन्या स्लॅबवर.

याउलट 8 मिलिमीटर लॅमिनेटचं वजन त्याच खोलीत सत्तर-ऐंशी किलो. आणि कंपाउंडचा सरासरी 3 मिलिमीटरचा थर दिला तरी साठेक किलो. सपाट आणि पाणसळीत यातला फरक मी आधी का सांगितला, ते आता लक्षात आलं असेल. हजार किलोचा फरक आहे तो, आणि तो खालच्यांच्या डोक्यावर आहे. कुणी खोलीभर माल भरायचा अर्ज दिला तर आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र मागतो, ते याचसाठी. त्यात कुणाला त्रास द्यायचा हेतू नाही.

आदर्श उपविधीप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आपलं पुढचं ऑडिट जवळ आलंय. ज्यांना फ्लोअरिंग करायचंय त्यांनी ते झाल्यावर करावं. आज झाकायचं आणि उद्या उघडायचं, असं दुप्पट काम कशाला?

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी

आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक जण पन्नाशीच्या आतबाहेर होतो. आता जिन्यात कठड्याला हात लावून चढतो. आमच्या घरी सौभाग्यवतींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला लाद्यांचे ओठ दिसायला लागले, त्याआधी ते नुसते होते. पाय उचलून टाकण्याऐवजी माणूस पाय ओढत चालायला लागला, की तीन मिलिमीटरसुद्धा पुरतात.

तेव्हा लॅमिनेट घालताना दारातली पातळी बघा. पट्टी आणि फोम मिळून जमीन साधारण 10-11 मिलिमीटर वर येते. दारं खालून तासावी लागतात. जिथे लॅमिनेट संपून लादी सुरू होते तिथे उभी कड सोडू नका, उतरती सांधपट्टी लावून घ्या. बाथरूमचा उंबरठा मात्र लॅमिनेटपेक्षा उंचच राहिला पाहिजे, नाहीतर पाणी बाहेर येईल. तो उंबरठा वेगळ्या रंगाचा ठेवा, रात्री दिसतो. भिंतीलगत 8 ते 10 मिलिमीटर फट ठेवायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. पावसाळ्यात पट्ट्या फुगतात, त्यांना ती जागा लागते. आणि खोकी आणल्यावर दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवून मग उघडा. स्वयंपाकघरात ओट्यापाशी आणि जिथे रोज पाण्यानं फरशी धुतली जाते तिथे लॅमिनेट नकोच.

ठेकेदाराला काय विचारायचं

कोटेशनमध्ये दोन रकमा वेगळ्या लिहून घ्या. जमिनीच्या तयारीची एक आणि पट्ट्यांची दुसरी. एकच रक्कम असली की आधी तयारीलाच कात्री लागते, कारण ती कुणाला दिसत नाही. आणि हे पाच प्रश्न विचारा:

1. पट्टी लावून जमीन मोजलीत का? किती फरक आला?
2. ओलीची परीक्षा केलीत का?
3. पोकळ लाद्यांचं काय करणार?
4. खड्डे कशानं भरणार, आणि वाळायला किती दिवस देणार?
5. पट्ट्या घालण्याआधी तयार जमीन मला दाखवणार का?

पाचवा प्रश्न सर्वांत कामाचा. 'दाखवतो' म्हणाला तर माणूस चांगला. त्या दिवशी पट्टी आणि दोन नाणी घेऊन स्वतः बघा, मोबाइलवर फोटो काढा, आणि मगच पुढचा हप्ता द्या.

शेवटी एक विनंती. तयार जमीन बघायला खालच्या घरातल्यांनाही वर बोलवा. त्यांच्या छताचा तो वरचा भाग आहे, तो बघायचा त्यांना हक्क आहे. चहा पाजा. पुढे कधी छताला डाग दिसला तर ते आधी तुम्हाला फोन करतील, समितीला पत्र नंतर लिहितील.

सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी सोसायटीच्या ऑफिसात आणून ठेवली आहे. वॉचमनकडच्या वहीत फ्लॅट नंबर लिहून, सही करून न्यायची, आणि दोन दिवसांत परत आणायची. नाणी ज्याची त्यानं आणावीत.

 प्रश्न असतील तर विचारा, चहा येईपर्यंत मी इथेच आहे.